सत्तर पानांचा पुडा आणि बधिर बोटे : बायकांनी एमएस वेळेत कसा ओळखावा

मे महिन्याचा पहिला आठवडा. गडचिरोलीच्या धानोरा किंवा एटापल्ली तालुक्यातले कुठलेही गाव घ्या. पहाटेच जंगलात गेलेल्या बायका ऊन चढायच्या आत तेंदूची पाने घेऊन परततात आणि सावलीत बसून पुडे बांधायला घेतात. एका पुड्यात ७० पाने. हात इतके सरावलेले असतात की मोजणी तोंडाने होत नाही, बोटांनीच होते. आता समजा, त्यातल्या एका तिशीच्या बाईच्या उजव्या हाताची बोटे आठवडाभर बधिर आहेत. दोन पाने एकमेकांना चिकटली तर तिला कळत नाही. पुडा कधी ६८चा होतो, कधी ७३चा, आणि पुडे मोजून घेणाऱ्या फळीवर बोलणी बसतात. ती म्हणते, उन्हाने झाले असेल. सासू म्हणते, अंगात रक्तच नाही तिच्या. नवरा म्हणतो, हंगाम निघू दे, मग पाहू. तीन आठवड्यांनी बोटे आपोआप सुधारतात. दिवाळीच्या सुमारास डाव्या डोळ्यापुढे धुके येते, डोळा फिरवला की आत दुखते. तेही महिनाभरात निवळते. बोटे आणि डोळा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे घरात कुणाच्या मनातही येत नाही.

ही बाई कल्पनेतली आहे, पण तक्रारींचा हा क्रम कल्पनेतला नाही. तरुण वय, शरीराच्या एका भागात काही आठवडे टिकलेला त्रास, मग आराम, आणि काही महिन्यांनी भलत्याच ठिकाणी दुसरा त्रास. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजाराची सुरुवात बहुतेकदा अशीच होते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त होतो. आणि आपल्याकडे बाईचे दुखणे घरात सगळ्यात शेवटी ऐकले जाते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की निदानाला वर्षे लागतात. ती वर्षे कशी वाचवायची, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आजार नेमका काय आहे

मेंदू, मेरुरज्जू आणि डोळ्यामागची दृष्टीची नस यांतल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते, विजेच्या तारेवर रबर असते तसे. आपल्याच शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा चुकून या आवरणावर तुटून पडते तेव्हा एमएस होतो. जिथे आवरण सोलले जाते तिथे निरोप अडखळतो. डोळ्याच्या नसेवर घाला पडला तर नजर जाते, मेरुरज्जूत पडला तर पाय जड होतात, लहान मेंदूकडच्या भागात पडला तर तोल सुटतो. शरीर काही प्रमाणात डागडुजी करते म्हणून त्रास ओसरतो. पण प्रत्येक वेळी थोडी खूण मागे राहते, आणि अशा खुणा साचत गेल्या की अपंगत्व येते.

डॉक्टर ज्याला रिलॅप्स म्हणतात, त्याला आपण इथे झटका म्हणू. हा झटका म्हणजे फिट नव्हे. तो तासाभरात नव्हे, दोन-चार दिवसांत वाढत जातो, किमान २४ तास टिकतो आणि बहुधा काही आठवड्यांत उतरतो. आजार साधारण २० ते ४० या वयात सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका पांघरुणात झोपल्याने, दूध पाजल्याने तो पसरत नाही.

बायकांत जास्त का

वयात येण्यापूर्वीच्या मुलामुलींत एमएसचे प्रमाण जवळपास सारखे असते. मुलीला पाळी सुरू झाल्यानंतर फरक पडत जातो. म्हणजे संप्रेरकांचा यात हात आहे, हे उघड आहे. दुसरे कारण गुणसूत्रांचे. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित अनेक जनुके त्यांच्यावर असतात. बाईची प्रतिकार यंत्रणा जंतूंशी जास्त जोमाने लढते आणि तीच काही वेळा स्वतःवर उलटते. थायरॉइडचे काही विकार, ल्युपस, संधिवाताचा आमवात हा प्रकार, हे सगळे बायकांत जास्त का, याचे उत्तरही याच दिशेला आहे.

पण सगळे जन्मजात नसावे. कॅनडातील रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३०च्या दशकाच्या पहिल्या भागात जन्मलेल्यांत एका पुरुषामागे सुमारे दोन बायका रुग्ण होत्या. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांत हे प्रमाण तिनाच्या वर गेले होते. इतक्या थोड्या काळात गुणसूत्रे बदलत नाहीत. राहणीमान बदलते. बायकांमधले वाढलेले धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा, उन्हाशी तुटलेला संबंध आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांच्याकडे संशोधक बोट दाखवतात. एपस्टाइन-बार नावाच्या अतिशय सर्वसामान्य विषाणूचाही मोठा वाटा आहे. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसले की या विषाणूची लागण झाल्यावर एमएसची जोखीम ३२ पट होते. तरीही जवळपास प्रत्येकाला हा विषाणू कधी ना कधी गाठतो आणि एमएस मात्र फार थोड्यांना होतो. म्हणजे एकट्याने कुठलेच कारण पुरत नाही.

पुरुषांच्या वाट्याला आजार कमी येतो, पण आला तर बऱ्याचदा तो जास्त वेगाने पुढे जातो. झटके न येता सुरुवातीपासून हळूहळू पाय जड करत जाणारा एक प्रकार आहे. तो दहा-पंधरा टक्के रुग्णांत दिसतो, चाळिशीच्या आसपास सुरू होतो आणि त्यात स्त्री-पुरुष प्रमाण जवळपास सारखे असते. म्हणून 'हा बायकांचा आजार' असे म्हणून कुणा पुरुषाने निर्धास्त राहू नये.

'तिप्पट' या शब्दाने घाबरू नका

तिप्पट कशाच्या, हे आधी विचारायचे. एमएस युरोप-अमेरिकेत बराच आढळतो, भारतात खूप कमी. आपल्याकडे लाखात पाच-दहाच्या आसपास रुग्ण असावेत, असे अंदाज मांडले जातात. उदाहरणापुरते धरा की एक लाख बायकांत दहा आणि एक लाख पुरुषांत चार रुग्ण आहेत. जोखीम अडीचपट झाली, पण ९९,९९० बायकांना हा आजार नाही. हात बधिर झालेल्या शंभर बायकांपैकी बहुतेकींचे कारण दुसरेच निघेल.

उलट बाजूही पाहा. २०११च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाख होती. वरचा अंदाज लावला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून दीडशे ते सव्वातीनशे रुग्ण असायला हवेत. ही गणती नव्हे, साधा गुणाकार आहे. पण आपल्या ओळखीत एमएसचे निदान झालेले माणूस किती जणांना आठवते?

महाराष्ट्रात या आजाराचा सगळ्यात ठळक अभ्यास झाला तो मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात, १९८०च्या दशकात. तिथे उर्वरित भारतीयांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाण दिसले. त्यात आनुवंशिकतेचा भाग आहेच. पण त्या समाजात सुशिक्षित घरे होती, जवळ न्यूरॉलॉजिस्ट होते आणि बाई दवाखान्यात पोचत होती, हेही विसरता येत नाही. भारतातल्या जुन्या रुग्णालयीन नोंदींत स्त्री-पुरुषांतला फरक पाश्चात्त्य देशांइतका मोठा दिसत नसे. यामागे आपली जडणघडण असू शकेल. पण रुग्णालयाची नोंदवही तिथे पोचलेल्यांनाच मोजते, आणि आपल्याकडे आधी कोण पोचते हे सांगायला नको.

गडचिरोलीलाच हे सर्वांत चांगले ठाऊक असायला हवे. डॉ. राणी बंग आणि 'सर्च' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास एमएसचा नव्हता. पण बाईचे दुखणे कसे लपून राहते, याचा तो आपल्याच मातीतला पुरावा आहे.

ही लक्षणे आली तर मनावर घ्या

– एका डोळ्याची नजर दोन-चार दिवसांत धुरकट होणे, डोळा फिरवताना आत दुखणे, लाल रंग फिका दिसणे. एक डोळा झाकून लाल कुंकवाची डबी पाहा, मग दुसरा झाकून पाहा. दोन्ही डोळ्यांना तोच रंग वेगवेगळा दिसला, तर लगेच दाखवा.
– तळपायापासून सुरू होऊन कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत चढत गेलेला बधिरपणा. पायातली चप्पल निसटली तरी न कळणे.
– छाती-पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखे वाटणे.
– मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून विजेचा झटका उतरल्यासारखे होणे.
– एकाचे दोन दिसणे, चालताना झोकांड्या जाणे, बांधावरून तोल सुटणे.
– लघवीची अचानक घाई होणे किंवा ती अडून राहणे. बायका हे सांगत नाहीत. बाळंतपणाच्या माथी मारून मोकळ्या होतात.
– झोप झाली तरी न उतरणारा थकवा. एकट्या थकव्यावरून एमएस ठरत नाही. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे. वरच्यापैकी काही सोबत असेल तर मात्र थकव्यालाही अर्थ येतो.

एक धोक्याची सूचना. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे हे काही मिनिटांत अचानक घडले, तर तो एमएस समजून घरी थांबू नका. तो लकवा, म्हणजे मेंदूचा पक्षाघात असू शकतो आणि त्यात साडेचार तासांच्या आतला उपचार मोलाचा असतो. गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च'ने केलेल्या अभ्यासात दर सात मृत्यूंमागे साधारण एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला होता. अशा वेळी थेट १०८ला फोन करा.

आपल्या भागातले सारखे दिसणारे आजार

पुस्तकातला एमएस आणि आपल्या जिल्ह्यातला बधिर पाय यांच्या मध्ये चार-पाच आजार उभे असतात. ते आधी बाजूला काढावे लागतात.

कुष्ठरोग : चंद्रपूर-गडचिरोलीत आजही राज्यातले बरेच नवे रुग्ण सापडतात. यात बहुधा फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि त्या चट्ट्यावरच संवेदना नसते; कोपराजवळची नस जाड लागते. एमएसमध्ये चट्टा नसतो. पण बधिरपणा म्हटले की महारोगच, या भीतीने घरातली माणसे बाईला लपवतात आणि दोन्ही आजारांत तिचेच नुकसान होते. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि तो बरा होतो. वरोऱ्याचे आनंदवन ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तरी ही भीती उरू नये.

लाखोळीचा लकवा : लाखोळीची डाळ महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय ताठ होतात, चाल कात्रीसारखी होते. यात पुरुष जास्त सापडतात, एमएसच्या अगदी उलट. शिवाय लाखोळीच्या लकव्यात नजर जात नाही, संवेदना शाबूत असतात, आणि तो येतो-जातो असे होत नाही. पाय ताठरलेल्या कुणालाही डॉक्टरांकडे नेताना घरात कुठली डाळ किती खाल्ली जाते, हे सांगा.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मणक्याचा क्षय, सिकलसेल : ब-१२ कमी पडले तर पायांत मुंग्या येतात, तोल जातो. मणक्याच्या क्षयात पाठदुखी, बारीक ताप आणि वजन घटणे सोबत असते. सिकलसेलमध्ये तरुण वयातच पक्षाघात होऊ शकतो. यांपैकी बरेच काही साध्या तपासण्यांनी कळते आणि त्यांवर उपचार आहेत.

एनएमओ : एमएसचा हा जुळा वाटणारा, पण वेगळा आजार. बायकांत तो आणखीच जास्त, जवळपास एका पुरुषामागे नऊ बायका इतका. तो दृष्टीची नस आणि मेरुरज्जू यांवर जोरात घाव घालतो. एमएसची काही औषधे एनएमओत उलट अपाय करतात. म्हणून औषध सुरू होण्याआधी 'ॲक्वापोरिन-४ अँटिबॉडीची रक्ततपासणी करावी लागेल का?' हा प्रश्न बाईच्या बाबतीत तरी जरूर विचारा.

एक वही करा

एमएसच्या निदानात सगळ्यात मोठा पुरावा असतो तो जुन्या झटक्यांचा, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके तेच आठवत नाही. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. तारीख आठवत नसेल तर हंगाम लिहा. नोंद अशी असावी :

'तेंदूच्या हंगामात उजव्या हाताची बोटे बधिर. तीन आठवडे. पुडा मोजता येत नव्हता. ताप नव्हता. आपोआप बरे.'
'दिवाळीच्या आधी डाव्या डोळ्याने धुरकट. डोळा फिरवला की दुखायचे. महिनाभर.'
'आता रोवण्याच्या वेळी दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बधिर. बांधीतल्या चिखलात पाय कुठे पडतो कळत नाही. सहा दिवस झाले.'

एवढ्या तीन नोंदी पाहून कुठलाही सावध डॉक्टर न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी लिहील. त्या नसतील, तर ताकदीची सलाइन आणि ब-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देऊन बाई घरी परतेल.

गावात पुजाऱ्याकडे नेण्याची पद्धत आहे. श्रद्धा असेल तर जा, पण दवाखान्याचा दिवस त्यासाठी पुढे ढकलू नका. एमएसचा झटका आपोआप उतरतो, त्यामुळे ज्याने शेवटचा उपाय केला त्याला श्रेय मिळते आणि खरे दुखणे आत चालूच राहते. हे गावठी उपायांना लागू आहे, तसेच सलाइनलाही.

कुठे जायचे

आशाताईला सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांचा सल्ला फुकट घेता येतो. सिरोंचा-भामरागडसारख्या टोकाच्या तालुक्यांतून एक फेरी वाचते. पुढचा टप्पा गडचिरोलीचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. डोळ्याचा त्रास असेल तर नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा पडदा आणि नस तपासून घ्या. 'नंबर लागला आहे' एवढ्यावर परत येऊ नका. चष्म्याने नजर सुधारली नाही, हे पुन्हा जाऊन सांगा.

निदान मुख्यतः मेंदू आणि मेरुरज्जूच्या एमआरआयवर होते. गरज पडली तर पाठीतून पाणी काढून तपासतात. पाठीत सुई टोचल्याने माणूस लुळे होते हा गैरसमज आहे. अनुभवी हातांत ही तपासणी सुरक्षित असते. न्यूरॉलॉजिस्टसाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मिहानमधले एम्स, तसेच वर्धा जिल्ह्यातले सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघे हे आपल्याला जवळचे पर्याय आहेत. निघण्यापूर्वी त्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते हे फोन करून विचारा. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट आहे, त्याचा उपयोग करा. जुने रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म आणि वही एकाच पिशवीत ठेवा.

झटका ताजा असेल तर तीन ते पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड देतात. त्याने झटका लवकर उतरतो, पण पुढचा टळत नाही. पुढचे झटके कमी करण्यासाठी दीर्घकाळ घ्यायची औषधे वेगळी आहेत : इंटरफेरॉन, ग्लाटिरामर, डायमिथाइल फ्युमरेट, रिटुक्झिमॅब आणि इतर. किमतीत मोठा फरक असतो. 'यात मला झेपेल असे कुठले?' हे विचारायला लाजू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करण्याआधी क्षय आणि कावीळ-ब यांची तपासणी आवश्यक आहे. घरात कुणाला क्षय झाला असेल तर ते लपवू नका. आणि बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नका.

उन्हाळा कसा काढायचा

अंग तापले की एमएसची जुनी लक्षणे तात्पुरती उसळतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच हे नोंदवले होते. खराब झालेल्या तंतूला अर्ध्या अंशाची वाढही सोसत नाही. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. दुपारी नजर धुरकटते, पाय ओढले जातात; सावलीत तासभर विसावले, पाणी प्यायले की पूर्ववत होते. असे असेल तर तो नवा झटका नव्हे आणि त्याने नवे नुकसानही होत नाही. गार होऊनही त्रास २४ तासांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांना कळवा.

मोह वेचणे आणि तेंदू तोडणे पहाटेच उरका. ओला दुपट्टा मानेभोवती ठेवा. पुडे बांधण्याचे काम घ्या, डोंगर चढण्याचे दुसऱ्यावर सोपवा. बोटे बधिर असतील तर विळा-कोयता आणि चुलीतली जळती लाकडे हाताळताना डोळ्यांनी पाहून काम करा. ताप आला तर लगेच उतरवा. मलेरियाच्या भागात तापाच्या पहिल्याच दिवशी रक्त तपासा. तापामुळेही जुनी लक्षणे डोके वर काढतात.

लग्न, गरोदरपण, बाळंतपण

एमएस असलेली बाई आई होऊ शकते. आजारामुळे बाळात व्यंग येत नाही. आईला एमएस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता पाश्चात्त्य आकड्यांनुसार शंभरात दोन-तीन आहे. म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना तो होत नाही. या कारणाने कुणाची सोयरीक मोडू नये.

गरोदरपणात आजार उलट शांत होतो. २५४ बायकांच्या युरोपीय अभ्यासात (१९९८) शेवटच्या तिमाहीत झटके सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले दिसले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा वाढले. नेमक्या याच काळात आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी करतात, कढत पाण्याने न्हाऊ घालतात. शेकाने नस मरत नाही, पण लक्षणे उसळतात. आणि बधिर कातडीला चटका कळत नाही, त्यामुळे भाजण्याचा धोका खरा आहे. सासूबाईंना, आईला हे समजावून सांगा. पाणी कोमट ठेवा, शेगडी खाटेखालून काढा. बाळाला अंगावर पाजणे चांगलेच. मात्र कुठले औषध चालू आहे, ते डॉक्टरांना विचारून.

मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. टेरिफ्लुनोमाइडसारखे औषध गर्भाला घातक आहे आणि ते शरीरातून काढून टाकण्यासाठी वेगळा उपचार लागतो. दिवस गेल्याचे कळल्यावर बोललात तर उशीर झालेला असतो.

पाळीच्या दिवसांतही काहींची लक्षणे वाढतात. पाळीत कुर्माघरात, म्हणजे घराबाहेरच्या वेगळ्या झोपडीत, राहण्याची प्रथा असलेल्या गावांत, त्या दिवसांत बाईचा पाय लुळा पडला तरी 'पाळीचा अशक्तपणा' म्हणून सोडून दिले जाऊ शकते. ती तिथे असेल तर सोबतच्या बायकांनी, आशाताईने तिची विचारपूस करावी.

विडी, खर्रा आणि पोरीबाळी

जोखमीतल्या आपल्या हातातल्या गोष्टी थोड्या आहेत, त्यांत धूर पहिला. धूम्रपानाने एमएस होण्याची जोखीम सुमारे दीडपट होते आणि झालेला आजार लवकर बळावतो. घरातल्या दुसऱ्याच्या धुराचाही संबंध दिसला आहे. बाईने तोडलेले पान विडीच्या रूपाने घरात परत येते आणि तिच्याच शेजारी बसून ओढले जाते. ती विडी निदान अंगणाबाहेर जावी. खर्र्याने एमएस होतो असा पुरावा नाही. खर्रा सोडायला तोंडाचा कर्करोग हे कारण पुरेसे आहे. वयात येणाऱ्या मुलींचे वजन आटोक्यात राहू द्या आणि शहरात शिकायला गेलेल्या पोरींना रोज थोडे ऊन मिळू द्या.

हक्काचे कागद

दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली की यूडीआयडी कार्ड मिळते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर एसटी सवलत, संजय गांधी निराधार अनुदान, नोकरी-शिक्षणातले आरक्षण यांसाठी अर्ज करता येतो. एमएस बाहेरून दिसत नाही. झटक्यांच्या मधल्या काळात बाई धडधाकट वाटते. म्हणून तपासणीला जाताना वही आणि एमआरआय सोबत न्या, आणि लघवीचा, थकव्याचा, नजरेचा त्रास न लाजता सांगा. रुग्णांना आधार देणारी 'मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था मुंबई-पुण्यात काम करते. तिच्याशी फोनवर बोलता येते.

शेवटी घरातल्या कर्त्या माणसांना एक विनंती. बैल लंगडायला लागला तर आपण हंगाम संपायची वाट पाहत नाही, त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. घरातली बाई म्हणाली की पाय बधिर झाला, डोळ्याला धुरकट दिसते, तर तिला दोनच प्रश्न विचारा : कधीपासून, आणि याआधी असे कधी झाले होते का? उत्तर वहीत लिहा, आणि आठवड्याच्या आत तिला दवाखान्यात न्या.